परवाना रद्द करायलाही कागद लागतो

दोघांकडेही परवाना आहे. एकाला पिस्तूल विकायचं आहे, दुसऱ्याला घ्यायचं आहे, पैसे ठरले आहेत. मग मध्ये अर्ज, पोच, ४५ दिवस आणि पोलीस ठाण्याच्या चकरा कशासाठी? बीड जिल्ह्यात हा सवाल सारखा कानावर येतो. कधी वकिलाच्या टेबलाशी, कधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेबाहेरच्या बाकावर, कधी केज रस्त्यावरच्या हॉटेलात. विचारणारे बहुतेक जण गुंड नसतात. कुणी शेतकरी असतो, कुणी ठेकेदार, कुणी निवृत्त फौजी, कुणी ऊसतोडीची उचल वाटणारा मुकादम. त्यांची चीड काही अंशी खरीही असते. तरी त्यांचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. ते का, हे सविस्तर सांगायला हवं, कारण ही चूक निदान बीडला तरी परवडणारी नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना हाल हाल करून मारण्यात आलं. त्या खुनात बंदूक वापरली गेली नव्हती. पण त्यानंतर राज्याचं लक्ष बीडमधल्या दहशतीकडे गेलं आणि तेव्हा कमरेला लटकलेली पिस्तुलंही लोकांच्या डोळ्यांत भरली. डिसेंबर संपता संपता सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे पुढे ठेवले: बीडमध्ये १२२२ शस्त्र परवाने, शेजारच्या परभणीत ३२. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ घराघरांत पोचले, गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी जून महिन्यात परळीत मरळवाडीच्या सरपंचाचा गोळ्या घालून खून झाला होता, त्याचीही आठवण निघाली. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी परवान्यांची छाननी हाती घेतली आणि पुढच्या काही महिन्यांत शंभराहून अधिक परवाने रद्द झाले.

इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचं फारसं कुणी बोलत नाही. परवाना रद्द होतो, पण पिस्तूल कुठे जातं? शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. जमा केलं म्हणून मालकी लगेच जात नाही. ठरलेल्या मुदतीच्या आत मालक ते अशा माणसाला विकू शकतो, ज्याला ते बाळगण्याचा हक्क आहे. मुदतीत काहीच केलं नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होतं. म्हणजे परवाने रद्द होण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर जिल्ह्यात शस्त्रांची विक्री निघणार, आणि ज्याने लाख-दीड लाख मोजून पिस्तूल घेतलं, तो ते सरकारजमा होण्याआधी गिऱ्हाईक शोधणार. बंदुकीच्या दुकानाबाहेर, माणसा-माणसांत होणाऱ्या विक्रीचा प्रश्न बीडमध्ये आज उभा आहे तो असा.

आता कायदा काय म्हणतो ते आधी नीट बघू, कारण त्याच्याबद्दलचा अर्धा राग ऐकीव माहितीवर पोसलेला आहे. बंदुकीचा व्यापार करायला परवाना लागतो. पण स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र दुसऱ्या हक्कदार माणसाला विकायचं असेल, तर विकणाऱ्याला व्यापाराचा वेगळा परवाना लागत नाही. कलम ५ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. अट एवढीच: विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. याहून साधी अट कोणती असू शकते? ज्या देशात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, त्या देशाच्या कायद्याने नागरिकावर हा बराच मोठा विश्वास टाकला आहे. दुकानात जा असं तो म्हणत नाही. कळवा आणि थांबा, एवढंच म्हणतो.

तरीही हा सगळा इंग्रजांचा वारसा आहे, गुलामांना निःशस्त्र ठेवण्यासाठी केलेला कायदा आहे, असं सांगणारे भेटतात. १८७८ चा शस्त्र कायदा खरोखर तसाच होता. गोऱ्यांना त्यातून सूट होती आणि हिंदी माणसावर बंधनं होती. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची मागणी केली, ती त्याच रागातून. पण आज लागू आहे तो कायदा १९५९ चा. स्वतंत्र भारताच्या संसदेने तो केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. शिवाय बीडकरांनी इंग्रजांच्या शस्त्र कायद्याचं दुखणं सांगताना एवढं ध्यानात ठेवावं, की १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. विनाकागद शस्त्रं ज्यांच्या हाती होती त्या रझाकारांनी मराठवाड्यातल्या गावांत काय केलं, हे आपल्या आजे-पणज्यांनी भोगलेलं आहे. शस्त्राचा हिशेब कुणीतरी ठेवला पाहिजे, हे कळायला आपल्याला इंग्रजांची गरज कधीच नव्हती.

पण कायद्याचा इतिहास हा तसा वरवरचा मुद्दा. खरी अडचण निराळी आहे आणि ती आपल्या स्वभावात आहे. ‘आपला माणूस आहे, त्याला कागद काय मागायचा?’ बीडमध्ये व्यवहार शब्दावर चालतात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो काही प्रमाणात रास्तही आहे. मुकादम लाखोंची उचल शब्दावर देतो, मजूर शब्दावर घेतो. मावसभावाने पिस्तूल मागितलं आणि आपण त्याचा परवाना तपासायला घेतला, तर तो तोंड वाकडं करतो. मित्राने पैसे आणून टेबलावर ठेवले आणि आपण ४५ दिवस थांब म्हटलं, तर ‘एवढा पण भरोसा नाही का राव?’ असं ऐकावं लागतं. पुष्कळ भली माणसं या एका वाक्यापुढे हार मानतात आणि पिस्तूल देऊन मोकळी होतात.

माझं म्हणणं असं की आपला माणूस असेल तर कागद जास्त काटेकोर हवा. कलम ९ म्हणतं, २१ वर्षांखालच्या, हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन ठरावीक काळ न उलटलेल्या, किंवा शांतता राखण्याच्या बंधपत्राखाली असलेल्या माणसाला शस्त्र बाळगता येत नाही. आणि विकणाऱ्याला हे माहीत असेल, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण असेल, तर त्याने अशा माणसाला ते विकायचं नाही. मनाचा तोल गेलेल्या माणसालाही विकायचं नाही. अनोळखी गिऱ्हाइकाबद्दल दुकानदाराला कदाचित काही माहीत नसेल. पण गावात? चुलतभावाचा बांधावरून कुणाशी वाद चालू आहे, कोण रात्री पिऊन घरी येऊन बायकोला मारतो, कुणावर जीवघेण्या हल्ल्याचा गुन्हा दाखल आहे, कोण कर्जापायी खचला आहे, हे आपल्याला ठाणेदाराच्या आधी कळतं. म्हणून ‘आपला माणूस’ म्हणणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणण्याची सोय उरत नाही. ओळखीने त्याची जबाबदारी वाढवलेली असते.

याच बीडमध्ये सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय सख्ख्या भावाकडूनही कुणी गुंठाभर जमीन घेत नाही. तिथे कुणाचा अपमान होत नाही. तलाठ्याकडे नोंद लागेपर्यंत दोघेही निमूट थांबतात. मग पिस्तुलाच्या वेळीच भरवशाचा प्रश्न कुठून येतो? जमिनीची नोंद चुकली तर फार तर कोर्टात खेटे घालावे लागतील. पिस्तुलाची नोंद चुकली तर कुणाच्या तरी घरातला माणूस जाईल.

आणखी एक समजूत जिल्ह्यात घट्ट रुजली आहे. बाँड पेपरवर करार केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला की व्यवहार पक्का झाला. गाडीच्या बाबतीतही ही समजूत धोक्याची आहे, शस्त्राच्या बाबतीत ती घातक आहे. बाँड हा दोन माणसांमधला पुरावा. तो पोलिसांना कळवल्याची पोच होत नाही आणि परवान्यावरची नोंद तर मुळीच होत नाही. कलम ५ मोडून शस्त्र विकणं किंवा हस्तांतरित करणं याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची कैद आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे तो नोटरी केलेला बाँड विकणाऱ्याला वाचवत नाही. उलट त्याने काय केलं, हे त्याच्याच सहीनिशी सिद्ध करतो. घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असला तरी त्यावर हे पिस्तूल चढलेलं नसेल, तर ते विनापरवाना बाळगणंच ठरतं, आणि त्याची शिक्षा किमान २ वर्षांपासून सुरू होते. परवानाधारकांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. ‘माझ्याकडे परवाना आहे ना!’ परवाना माणसाला असतो हे खरं, पण तो त्यावर नंबर लिहिलेल्या शस्त्रापुरता असतो.

नीट केलेला व्यवहार कसा असतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. घेणाऱ्याचा परवाना समोर येतो तो मूळ, झेरॉक्स चालत नाही. त्यावर फोटो, राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक, परवान्याची मुदत, तो जिल्ह्यापुरता की राज्यापुरता, कोणत्या बोअरचं शस्त्र मंजूर आहे, किती शस्त्रं आधीच चढलेली आहेत. २०१९ पर्यंत एका माणसाला तीन शस्त्रं बाळगता येत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. म्हणजे दोन रकाने भरलेले असतील तर त्याला तिसरं विकता येत नाही, तो कितीही सज्जन असो. मग बोअर. जिल्हाधिकारी देतात तो परवाना साध्या बोअरचा. ९ मिलिमीटरसारखी निषिद्ध बोअरची शस्त्रं केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परवान्याशिवाय कुणाला देता येत नाहीत. त्यानंतर नंबर. पिस्तुलाच्या धातूवर ठोकलेला नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी एकेक अंक लावून बघायचा. जुन्या शस्त्रावर तो झिजलेला असतो, कधी तेलाच्या चिकट थराखाली दडलेला असतो. फडक्याने पुसून उजेडात धरून वाचायचा. तीनचा आठ झालेला चालत नाही.

आणि हातात देण्याची रीत. मॅगझिन आधी बाहेर काढायचं. मग स्लाईड मागे ओढून चेंबर रिकामं असल्याचं स्वतः बघायचं, समोरच्याला दाखवायचं, स्लाईड मागेच अडकवून ठेवायची, आणि नळी कुणाच्या अंगाकडे न वळू देता शस्त्र पुढे करायचं. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी दाखवायची. घेणाऱ्याने ते हातात आल्यावर पुन्हा स्वतः तपासायचं. समोरच्याने आत्ताच दाखवलं होतं, हे कारण चालत नाही. फौजेत राहिलेल्या कुणालाही विचारा, तिथे सुभेदारानेही शिपायाच्या हातून घेतलेलं हत्यार तपासलं तर शिपायाला राग येत नाही. हा शिष्टाचार नागरी व्यवहारात आणायला काय हरकत आहे? चहाच्या टेबलावर मॅगझिन लावलेलं पिस्तूल सरकवून ‘बघा, एकदम मस्त चीज आहे’ म्हणणं हा मला दोन्ही बाजूंचा उर्मटपणा वाटतो, आणि त्या हॉटेलात बसलेल्या इतर सगळ्यांचा अपमान.

काडतुसांकडे तर कुणी लक्षच देत नाही. उरलेल्या गोळ्या वर म्हणून देऊन टाकायची सर्रास पद्धत आहे, जणू त्या पिस्तुलाबरोबरच्या कव्हरसारख्याच आहेत. कलम ५ मधली अट शस्त्राइतकीच दारूगोळ्यालाही लागू आहे. किती काडतुसं दिली, हे त्या लेखी कळवण्यात आलं पाहिजे आणि घेणाऱ्याच्या मंजूर संख्येत बसलं पाहिजे.

पैशाचा विषय मात्र टाळता येणार नाही. भारतात सर्वसामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करण्याचा रस्ता १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वेब्ली, वॉल्थर अशी जुनी परदेशी शस्त्रं हातोहात फिरत राहतात आणि दरवेळी त्यांची किंमत वाढते. सरकारी कारखान्यात बनलेल्या नव्या रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट पैसे कुणाच्या आजोबांच्या काळातल्या पिस्तुलाला मिळतात. जिथे किंमत अशी फुगते, तिथे कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, हा मोह येतोच. आणि हातातली रक्कम लपवायची असेल तर व्यवहारच लपवणं सोपं वाटू लागतं. ‘कागदाचा जाच’ ही तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचा खरा जाच हा आहे. त्यांनी तसं मोकळेपणाने म्हणावं, स्वातंत्र्याची भाषा मध्ये आणू नये.

यावर एक उत्तर हमखास येतं: गुन्हेगार काय परवान्याचं पिस्तूल वापरतो का? तो गावठी कट्टा आणतो. मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणाऱ्या बेकायदा पिस्तुलांच्या बातम्या आपण कायम वाचतो. मग सज्जनांना अर्जांच्या फेऱ्यात कशाला अडकवायचं? हे अर्धसत्य आहे आणि म्हणून ते खोडून काढायला अवघड जातं. कट्ट्यांचा व्यापार थांबवणं हे पोलिसांचं काम आहे आणि ते त्यांनी नीट केलेलं नाही, हे मान्य. पण कट्टा जन्मापासून बेवारस असतो. परवान्याचं चांगलं पिस्तूल, ज्याचा नेम लागतो, जे अडकत नाही, ते बेकायदा कसं होतं? चोरीने होतं, आणि असल्या विनाकागद विक्रीने होतं. पहिल्या मालकाने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चौथ्या हातात जाईपर्यंत त्याचा कुणाच्याच परवान्याशी संबंध उरत नाही. मात्र पहिल्या मालकाच्या परवान्यावर ते अजून चढलेलं असतं. ज्या दिवशी त्यातून गोळी सुटेल, त्या दिवशी पोलीस नंबरावरून त्याच्याच दारात येतील. सज्जनाला वाचवणारी एकच गोष्ट आहे: ४५ दिवसांपूर्वीची, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच.

शिवाय बीडमध्ये परवान्याच्या पिस्तुलाने गोळी न झाडताही काम केलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या बैठकीत शर्ट वर करून मूठ दाखवणं, निविदा भरायला आलेल्या माणसासमोर ते टेबलावर ठेवणं, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं. नियमाप्रमाणे शस्त्र झाकून न्यायचं असतं, ते मिरवल्यास परवाना रद्द होऊ शकतो, आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे. ज्याला मिरवायचंच आहे, तोच सहसा घाईने, जास्त पैसे देऊन, कागदाशिवाय मागतो. लग्नसराईच्या तोंडावर, निवडणुकीच्या तोंडावर, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी. ४५ दिवसांचं मोल इथे कळतं. तेवढ्यात वरात निघून जाते, राग निवतो, आणि ठाण्यातल्या एखाद्या हवालदाराला घेणाऱ्याचं नाव बघून आठवतं, की याच्यावर आणखी एक गुन्हा आहे.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. तो असा की, या बाराशे परवान्यांना कागद होतेच की! अर्ज होते, पोलिसांचे अहवाल होते, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. तरी दहशत झालीच. मग तुमच्या कागदाने काय साधलं?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांनी डोळे मिटून अहवाल दिले आणि डोळे मिटून सह्या केल्या, त्यांनी बीडचं नुकसान केलं आहे. एका जिल्ह्यात इतके परवाने आणि शेजारच्या जिल्ह्यात इतके कमी, याचा खुलासा वन्यप्राण्यांनी किंवा दरोड्यांनी होत नाही. आष्टी तालुक्यात २०२० मध्ये बिबट्याने माणसं मारली, रानडुकरं आणि हरणं शेतं उद्ध्वस्त करतात, हे सगळं खरं. पण पीक राखायला कुणी कमरेला पिस्तूल लावत नाही. तरीसुद्धा विचार करा, हा बाराशेचा आकडा आपल्याला कळला कशामुळे? कागद होता म्हणून. कुणी परवाना दिला, कुणावर गुन्हे असताना दिला, हे उघड झालं कशामुळे? कागद होता म्हणून. शंभराहून जास्त परवाने रद्द करता आले कशामुळे? रद्द करायला हातात काहीतरी होतं म्हणून. जे पिस्तूल दोन वर्षांपूर्वी हॉटेलात रोख पैसे मोजून कुणा मित्राला दिलं गेलं, ते या छाननीत कुठे आलं? कुठल्याही अधीक्षकाने कितीही प्रामाणिकपणे छाननी केली, तरी त्या मित्राला नोटीस जाणार नाही, कारण त्याच्या नावावर काहीच नाही. चुकीचा दिलेला कागद दुरुस्त होतो. नसलेला कागद कुणी दुरुस्त करायचा?

कार्यालयांची चूक मात्र मी झाकणार नाही. कायदा ‘कळवा’ म्हणतो, कारकून ‘परवानगी आणा’ म्हणतो. ठाण्यात अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला गृह शाखेत पाठवलं जातं, गृह शाखेतून पुन्हा ठाण्यात. पोच मागितली तर ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघू’ हे उत्तर मिळतं. ४५ दिवस उलटून वर चार महिने गेले तरी नोंद लागत नाही, आणि मग मध्ये एखादा माणूस उभा राहतो, जो पैसे घेऊन आठवड्यात काम करून देतो. नियम पाळणाऱ्याला असं फिरवलं की तो पुढच्या वेळी नियम पाळत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष कार्यालय सुधारा हा आहे. नियमच सोडून द्या, असं त्यातून निघत नाही. ज्यांना हा छळ नकोसा झाला आहे, त्यांनी स्पीड पोस्टाने कळवावं आणि पोचपावती जपून ठेवावी. कायद्याने लेखी कळवायला सांगितलं आहे. कारकुनाची मर्जी त्यात कुठेही लिहिलेली नाही.

घरातल्या घरातलं हस्तांतरण तर आपण व्यवहारच मानत नाही. वडील गेले, बारा बोअरची बंदूक कपाटात राहिली, मुलगा दसऱ्याला तिची पूजा करतो आणि वाटतं की ती आता त्याची. वडील गेले त्याच दिवशी तिला परवाना उरलेला नसतो. ती आधी जमा करून मग वारस म्हणून अर्ज करायचा असतो. २०१६ च्या नियमांनी एक चांगली सोय ठेवली आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, तर तो हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्याची शिफारस करू शकतो. आपल्याकडच्या किती म्हाताऱ्या परवानाधारकांना हे कुणी सांगितलं आहे? मुलाच्या माथी गुन्हा टाकून जाण्यापेक्षा एक अर्ज करून जाणं किती सोपं आहे.

अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांना एवढंच सांगतो. तिथे परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते, पण खासगी विक्रेत्यावर संघराज्याच्या कायद्याने ती सक्ती नाही, आणि याच फटीवरून तो देश कितीतरी वर्षं भांडतो आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत मुलांचं हत्याकांड झालं. त्यानंतरच्या कायद्याने शस्त्र समोरासमोर द्यायचं आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही ७ दिवसांत पोलिसांना कळवायचं, असं ठरलं. आपला कायदा विक्रीच्या आधी कळवायला सांगतो. त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

ज्यांचे परवाने बीडमध्ये रद्द झाले आहेत आणि ज्यांचं शस्त्र ठाण्यात किंवा दुकानात जमा आहे, त्यांना माझी विनंती आहे. विकायचं असेल तर मुदतीच्या आत विका, पण घेणाऱ्याचा मूळ परवाना बघून, त्याचं नाव-पत्ता लेखी कळवून, पोच घेऊन आणि ४५ दिवस थांबून. तुमच्या परवान्यावरून ते कमी झालं आणि त्याच्या परवान्यावर चढलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. असा माणूस मिळत नसेल तर ते सरकारजमा होऊ द्या, पैसे बुडाले तरी चालतील. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने आजपासून एवढं करावं: असा अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी, आवक क्रमांकासह, शिक्का मारलेली पोच द्यावी.